मुंजाजी मापाड्याचे हेडफोन

मुंजाजी पाईकरावानं काम सोडलं तेव्हा डोंगरकड्यातल्या जाणत्यांनी सांगून टाकलं होतं, की हा माणूस वर्षाच्या आत एकतर पत्त्यांच्या नादी लागणार, न्हाई तर ग्रामपंचायतीच्या. रिकाम्या माणसाचं वाटोळं व्हायच्या ह्या दोनच वाटा गावाला ठाऊक. मुंजाजी तिसऱ्याच वाटेनं गेला. कानाच्या.

तसा कान त्याचा आधीपासूनच नाठाळ. वसमतच्या हळद बाजारात तो मापाडी होता. मापाड्याचं काम म्हणजे काट्यावर पोतं चढवायचं, आकडा बोलायचा आणि गप्प बसायचं. पहिली दोन कामं मुंजाजी चोख करायचा, तिसरं त्याला जन्मात जमलं नाही. पोत्यातली हळदीची कांडी काढायची, कानाशी नेऊन मोडायची आणि कुणी विचारलेलं नसताना निकाल द्यायचा, अशी त्याला खोड. नीट वाळलेली कांडी मोडली की टणकन वाजते, पितळेच्या तांब्याला टिचकी मारल्यागत. आत ओल असली तर नुसती भसकते. "वाजली न्हाई, शेठ. अजून ऊन पाहिजे होतं हिला," असं मुंजाजी भर बाजारात म्हणायचा, आणि ज्याची हळद तो शेतकरी त्याच्याकडं असा बघायचा की बघत राहावं. निकाल निम्म्या वेळी चुकायचा, ते वेगळं. ठामपणा कधी चुकला नाही. शेवटी गुडघे बोलायला लागले, मुंजाजीनं काम सोडलं आणि बाजारातल्या बऱ्याच जणांनी त्या दिवशी घरी जाऊन गोड खाल्लं म्हणतात.

फाट्याजवळ त्याचं दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा. घरात तो आणि जनकाबाई. लेक प्रतिक्षा पुण्याला नोकरीला. करमणूक म्हणाल तर एकच, कव्वाली. दिवेलागणीला मुंजाजी खिडकीत डबा लावायचा, म्हणजे ते आवाजाचं खोकं, आणि भीमगीतांच्या कव्वालीची अशी काही उधळण सुरू व्हायची की रोडवरची एसटी हॉर्न वाजवायची लाजायची.

"अवो, बंद करा ते बोंबलणं! परातीतलं पीठ उडून राहिलं!" आतून जनकाबाई.

मुंजाजी बटण एवढंसं फिरवायचा.

"कमी केलं का वाढवलं?"

"कमीच केलं. तुझा कान तेज हाय, त्याला मी काय करू?"

असं रोज, वर्षानुवर्षं. शेजारच्या मंजुळाबाई तर म्हणायच्या, पाईकरावांकडं भांडण सुरू झालं की मी भाकरीला बसते, घड्याळ बघायची गरज पडत न्हाई.

मग प्रतिक्षानं बापाला हेडफोन धाडला.

मुंजाजीनं तो कानावर चढवला आणि ओट्यावर पुतळा झाला. तीस वर्षं ऐकलेली कव्वाली, पण आज ती थेट डोक्याच्या आत बसून कुणी गात होतं. टाळ्या वाजवणारे उजवीकडं, पेटीवाला डावीकडं. "जनका, ए जनका! टाळ्या वाजवणाऱ्यांत एकाच्या बोटात अंगठी हाय! तिचा आवाज येऊन राहिला!" असं तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की मंजुळाबाईंच्या यजमानांची, किसनरावांची म्हैस उठून उभी राहिली. कानात हेडफोन असला की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, हे शास्त्र मुंजाजीला कुणी सांगितलं नव्हतं. तो गायचा सुद्धा. आणि कसा गायचा, ते मेलेल्या गायकांचा मान राखून इथं न लिहिलेलंच बरं.

दुसरी गंमत गावाच्या लवकर ध्यानात आली. हेडफोन लावलेल्या मुंजाजीला काहीही विचारा, तो डोळे मिटून मान डोलावतो आणि "व्हय, व्हय" म्हणतो. किसनरावांनी शिडी मागितली. व्हय. कुणी फवारणीचा पंप नेला. व्हय. विहाराच्या रंगरंगोटीच्या कमिटीत त्याचं नाव कसं पडलं, ते त्याला बैठकीचा निरोप आल्यावर कळलं. अडल्यानडल्यानं दिवेलागणीलाच यावं, असा गावात रिवाजच पडला.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मात्र मुंजाजीच्या ध्यानात फार उशिरा आली. एके संध्याकाळी कव्वाली संपली, त्यानं हेडफोन उतरवला, तर घर सुनं. भाकरी टोपल्याखाली गार झालेली. जनकाबाई मंजुळाबाईंच्या ओट्यावर. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. विचारावं तर म्हणते, "तुमाला विचारूनच तर जाते." आणि खरंच विचारत असणार ती. मुंजाजी काय म्हणत असणार, ते सांगायची गरज नाही.

एकट्यानं जेवताना मुंजाजीला भाकरी गिळवेना. तोंडानं तो कधी बोलला नसता, पण जनकाबाई समोर बसून "आणखीन अर्धी घ्या" म्हणाली नाही तर त्याचं पोट भरत नसे. ती संध्याकाळची घरात पाहिजे, बस्स, एवढंच त्याला पाहिजे होतं. ह्या वयात बायकोला "घरी थांब" असं सरळ सांगणं म्हणजे मापाड्यानं काट्याची माफी मागण्यासारखं. त्यापेक्षा कारण शोधावं.

कारण त्यानं शोधलंही. पूर्वी एकदा जनकाबाई म्हणाली होती, "त्याच्यातून चिलटं गुणगुणल्यागत आवाज येऊन राहिला." बास! मुंजाजीनं ताडलं, की हेडफोनमधून आवाज गळतो, तो बाईच्या डोक्यात जातो, म्हणून बाई उठून जाते. गळका हंडा बदलावा तसा हेडफोन बदलला की काम झालं. त्यानं पुण्याला फोन लावला.

"बाई, मला असा हेडफोन आण, की कानाशी बसलेल्या मुंगीला बी ऐकू जाऊ नये."

"अण्णा, त्याचं तुमी काय करणार?"

"तुझ्या मायला तकलीफ होऊन राहिली आवाजाची."

 प्रतिक्षा म्हणाली, "शनिवारी येते. दोन घेऊन येते. तुमाला बसेल तो ठेवा, दुसरा मी परत नेईन. रविवारी दुपारी मला निघायचंय."

आता मंजुळाबाईंनी ही बातमी फाट्यावर पोचवली ती अशी: पाईकरावांची पोरगी मायबापाचा निवाडा करायला येऊन राहिली. गावात चहाच्या गाड्यावर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे जनकाबाई पुण्याला राहायला जाणार, दुसरी म्हणे मुंजाजीच डबा घेऊन विहारात राहायला जाणार.

शनिवारी संध्याकाळी ओट्यावर परीक्षा मांडली गेली. सतरंजीवर दोन हेडफोन. एक काळा, बंद पाठीचा, जाड गाद्यांचा, बघताच वाटावं की ह्याच्यात धान्य साठवता येईल. दुसरा पाठीमागं जाळी असलेला, मखमली गाद्यांचा, हलका. परीक्षक म्हणून किसनराव आणि मंजुळाबाई. जनकाबाई आत चुलीपाशी. "मला काही बघायचं न्हाई, तुमचं चालू द्या," म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. लेक आल्यामुळं ती आज घरात होती, पण मुंजाजीला वाटलं, आपला नवा हेडफोन येणार हे ऐकूनच थांबली. माणूस आशेवर जगतो.

आधी सोसण्याची परीक्षा. मुंजाजीनं काळा चढवला. चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतल्या. "कसंय?" प्रतिक्षानं विचारलं.

"घट्ट हाय. नव्या जावयाची मिठी."

किसनरावांनी डोक्याला रुमाल बांधलेला, तो सोडायला ते तयार होईनात. हेडफोनची पट्टी रुमालावरून जाईना. शेवटी त्यांनी पट्टी हनुवटीखालून घेतली आणि दाढ दुखणाऱ्या माणसासारखे बसले. "गरम होऊन राहिलं," ते म्हणाले. "वैशाखात हे कानाला लावलं तर कान उकडून निघल, शेंगा उकडल्यागत."

मंजुळाबाईंच्या कानातल्या कुड्यांवर त्या जाड गाद्या दाबल्या आणि त्या ओरडल्याच, "अगं माय! काढा, काढा! हे सासूबाईंनी मुरगळल्यागत लागतंय."

मग जाळीचा. तो किसनरावांनी परत हनुवटीखालून लावला. "हा बरा. कानाला वारं लागून राहिलं. डोक्यावर काही हाय असं वाटत न्हाई."

"तुमच्या डोक्यावर न्हाईच, हनुवटीवर हाय," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांच्या कुड्यांनाही मखमल मानवली.

आता आवाज. मुंजाजीनं जुनी, घासून घासून पाठ झालेली कव्वाली लावली. काळ्यात ढोलकीची थाप अशी पडली की गोडाऊनमध्ये वरच्या थप्पीवरून पोतं आदळावं. धप्प! छातीत जाणवावं असं. "हाय दम!" मुंजाजी म्हणाला. जाळीच्यात तो दम थोडा कमी, पण गाणारी मंडळी डोक्यातून उठून अंगणात जाऊन बसली. जागा मोकळी झाली. टाळ्या तर अशा फुटायला लागल्या, जशी पक्की वाळलेली कांडी. टण, टण, टण.

"वाजली," मुंजाजीच्या तोंडून निघून गेलं.

"मग हाच ठेवा की," प्रतिक्षा म्हणाली.

"थांब. खरी परीक्षा अजून राहिली." मुंजाजीनं काळा परत चढवला, आवाज पार वरती नेला आणि किसनरावांना खुणेनं सांगितलं, ऐका. किसनराव वाकून त्याच्या कानाशी कान लावून बसले. बाहेरून कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं ते सांगत नाही.

"काहीच न्हाई," किसनरावांनी जाहीर केलं. "मुका झाला."

मुंजाजीला ते ऐकू आलं नाही, पण किसनरावांचा तळवा हललेला त्यानं बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. त्यानं डोळे मिटले. ढोलकी धप्प, टाळ्या, पेटी. तेवढ्यात जनकाबाई दारात आली. कोपरापर्यंत पीठ.

"ऐकलं का?" ती म्हणाली.

मुंजाजी डोलत होता.

"म्या म्हणलं, मी उद्या पोरीसंगं पुण्याला जाऊ का?"

"व्हय! व्हय!" मुंजाजी म्हणाला, तेही असं खणखणीत, की रोडवरचा सायकलवाला थांबला.

"परत कवा येईन ते सांगता येत न्हाई."

"बराबर! बराबर! क्या बात!"

जनकाबाईनं लेकीकडं बघितलं, किसनरावांकडं बघितलं, आणि आत गेली. आत कपाटाचं दार वाजलं.  मुंजाजीनं समेवर मांडीवर थाप मारली, हेडफोन उतरवला आणि विजयी मुद्रेनं म्हणाला, "हाच ठेवायचा! चिडीचूप! आता जनकाला काही तकलीफ राहणार न्हाई."

"तकलीफ कशाची राहते, भाऊजी," मंजुळाबाई म्हणाल्या. असं वाक्य बोलायची संधी आयुष्यात कितीदा मिळते! "त्या उद्या पुण्याला चालल्या. तुमीच हो म्हणलात."

"मी? मी कवा म्हणलो?"

"आत्ता. दोनदा. वर क्या बात बी म्हणलात."

मुंजाजीनं लेकीकडं बघितलं. प्रतिक्षानं मान खाली घातली. त्याचा चेहरा असा उतरला की किसनरावांना गुरांना पाणी दाखवायची आठवण झाली आणि ते उठून गेले. पाणी दाखवायची गुरं मंजुळाबाईंचीही तीच होती, नवराबायकोच ती दोघं. पण अशा वेळी एकानं गेलं तरी भागतं, असं त्यांचं मत पडलं.

प्रतिक्षा आईच्या मागं आत गेली. आता माणसानं काय करावं? उठून आत जावं, बायकोला म्हणावं, जाऊ नको. मुंजाजीचे गुडघे उठायला तयार होते, जीभ नव्हती. तोंड लपवायला त्यानं समोरचा जाळीचा हेडफोन उचलून कानावर चढवला आणि कव्वाली पुन्हा पहिल्यापासून लावली. निदान मंजुळाबाईंशी तरी बोलावं लागू नये.

गायकानं आलाप घेतला. पेटी आली, टाळ्या आल्या. मधेच खण्ण झालं.

मुंजाजी चमकला. कव्वालीत तवा कुठून आला? एवढी वर्षं ऐकतोय, कधी तवा नव्हता. परत खण्ण. मग बांगड्या किणकिणल्या. मग मिसरीच्या डबीचं झाकण. मुंजाजीनं फोनवरचा आवाज थोडा कमी केला, आणि त्याला उमगलं की तवा कव्वालीतला नाही, त्याच्या चुलीवरचा आहे. जाळीतून आवाज बाहेर जातो तसा आतही येतो. टाळ्यांच्या मागून, पेटीच्या खालून, त्याच्याच घरातलं बोलणं येत होतं. आणि आत जनकाबाईला खात्री होती, की कानावर ते भांडं असलेल्या माणसाला ढग गडगडले तरी ऐकू येत नाही.

"...गाणं सोडा म्हणले का मी कधी?" जनकाबाई म्हणत होती. "सगळी पाठ हायेत मला. ह्यांच्याआधी पाठ झाली. डबा होता तेव्हा घरात कुणीतरी हाय असं वाटायचं. भांडायला मिळायचं. आता काय? बाप तुझा तिथं बसलेला दिसतो, आणि नसतो. म्हशीला हाक मारली तर ती कान तरी हलवते."

"आई, मग तू सांगितलं काहून न्हाई त्यांना?"

"सांगितलं की. रोज सांगते. व्हय म्हणतेत."

प्रतिक्षाला हसू फुटलं. जनकाबाईला नाही.

"मंजुळाबाईकडं काहून जाते मी? तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकायला? तिच्या तोंडाला खंड न्हाई, पण निदान मी बोलले तर उलटून बोलते. माणसाला तेवढं लागतं."

ओट्यावर मंजुळाबाईंना हे ऐकू आलं की नाही, कळायला मार्ग नाही. त्या अगदी अचानक रस्त्याकडं बघायला लागल्या.

मुंजाजीनं घसा खाकरला. कव्वाली चालूच होती.

"जनका," तो ओट्यावरून म्हणाला, "चिलटाचं काय मग? ते गुणगुणणं?"

आतला तवा थांबला. बोलणं थांबलं. मग जनकाबाई दारात आली. त्याच्या कानावर हेडफोन बघून ती जागीच उभी राहिली.

"तुमाला ऐकू आलं?"

"निम्मं आलं. ढोलकी जोरात होती."

"कुठलं निम्मं?"

"म्हशीचं."

जनकाबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसली की चिडली, ते मंजुळाबाईंनी पुढं दोन्ही प्रकारे सांगितलं. मग ती म्हणाली, "चिलटाचं म्हणत व्हता? अवो, चिलट गुणगुणल्यागत येऊन राहिलं, म्हणजे नीट ऐकू येऊन राहिलं न्हाई, असं म्हणत होते मी. शब्द कळत नव्हते. अर्धवट गाणं म्हणजे अर्धवट शिंक."

एवढं बोलून ती तिथंच थांबली नाही. मापाड्याची बायको, तिनं स्वतः वजन करून बघायचं ठरवलं. दारात उभी राहून हळूच म्हणाली, "परवा भाजीत मीठ तुमीच सांडलं."

"मी न्हाई, मांजर होतं," मुंजाजी म्हणाला.

ती चुलीपाशी गेली. "माझ्या भावाच्या पोराच्या लग्नात तुमी झोपला होता."

"भाषण चालू होतं! सगळेच झोपले होते!"

ती मागच्या दारी, धुण्याच्या दगडापाशी गेली आणि काहीतरी पुटपुटली. मुंजाजीनं कान टवकारले. ओठ हलवत त्यानं ते शब्द जुळवले आणि त्याच्या कानशिलाला लाली आली.

"हे पोरीसमोर बोलायचं असतं का?" तो ओरडला.

प्रतिक्षा म्हणाली, "काय म्हणाली आई?" पण कुणी सांगितलं नाही. मंजुळाबाई आजही त्या एका वाक्यावाचून तळमळतात.

जनकाबाई परत आली, हात पुसत. "ह्याच्यातून येतं ऐकू," तिनं निकाल दिला. "त्याच्यातून न्हाई येत." काळ्याकडं तिनं असं बघितलं, जसं लग्नात आलेल्या आगाऊ पाव्हण्याकडं बघतात.

"त्याच्यात दम लई हाय पण," मुंजाजी हळूच म्हणाला. शेवटी कानसेन तो. त्या ढोलकीची थाप त्याच्या छातीतून अजून गेली नव्हती.

"दम पाहिजे का मी पाहिजे?"

हा प्रश्न आयुष्यात कधी कुणी मुंजाजीला इतका सरळ विचारला नव्हता. त्यानं हेडफोन कानावरून काढला. आयुष्यभर न विचारलेले निकाल देणारा माणूस, पण विचारल्यावर त्याला वेळ लागला.

"पुण्याला जाऊ नको," तो म्हणाला. "एकट्याला भाकरी जात न्हाई."

ओट्यावर कुणी बोललं नाही. मंजुळाबाईंनी सुद्धा नाही, आणि ही गोष्ट गावात कुणाला सांगितली तर खोटी वाटते.

"मी कुठं जाऊन राहिले?" जनकाबाई म्हणाली. "कपाट उघडलं ते पोरीला लोणच्याची बरणी द्यायला. तुमाला विचारून बघितलं फक्त. उठा, भाकरी गार होऊन राहिली. मंजुळाबाई, तुमी बी बसा."

रविवारी दुपारी पुण्याची रेल्वे धरायला प्रतिक्षा नांदेडच्या गाडीत बसली. काळा हेडफोन तिच्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीशेजारी. मुंजाजीनं फाट्यावर त्याला एकदा शेवटचा हात लावला. "चांगला व्हता," तो म्हणाला. "एखाद्या एकट्या माणसाला बघून दे."

त्या संध्याकाळी किसनराव शिडीचं विचारायला आले, तर पहिल्या वाक्यालाच "कशाला पाहिजे? कवा आणून देणार?" असा उलटा प्रश्न आला, आणि ते खरोखर दुखावले. गावाची एक मोठी सोय गेली. ओट्यावर बाजेवर मुंजाजी, कानावर जाळी. बाजेला टेकून खाली जनकाबाई, मांडीवर गवारीच्या शेंगा. जाळीतून कव्वाली तिच्यापर्यंत पोचत होती, शब्द न शब्द. तिची बोटं शेंगांची देठं टाळीच्या ठेक्यावर मोडत होती आणि तोंडानं ती मंजुळाबाईंकडून आणलेलं सगळं ओतत होती: त्यांची धाकटी सून माहेराहून शिलाई मशीन घेऊन आली, तर ती कुठं ठेवायची ह्यावरून सासूसुनेत कसा रुसवा झाला, मग किसनरावांनी मध्ये पडून ती स्वतःच्या बाजेवर पायथ्याशी कशी ठेवून घेतली, आणि आता त्यांना पाय लांब करता येत नाहीत.

"मग झोपतेत कसे?" मुंजाजीनं विचारलं.

"पाय दुमडून. म्हणून तर सकाळी लंगडतेत. तुमाला काय वाटलं, गुडघे?"

"मला वाटलं गुडघे."

"कुठले गुडघे! आता पुढं ऐका..."

मुंजाजी ऐकत होता. हेडफोन कानावर तसाच होता. कव्वाली संपून बराच वेळ झाला होता आणि पुढची लावायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं.